खिळा

माझं काम सोपं आहे:
भरलेल्या बॅटरीत खिळा घुसवायचा
आणि काय होतं ते लिहायचं.
अकरा वर्षं झाली.
खिळा पोलादी, तीन मिलिमीटर जाडीचा,
काचेपलीकडे, यंत्राच्या मुठीत.
अलीकडे मी, वही, गार झालेली कॉफी.

हॅलिफॅक्समधल्या या तळघराला खिडकी नाही.
बरंच आहे.
पणजी माझी इथेच, बंदरापाशी, कुणाकडे कामाला होती.
एकोणीसशे सतराच्या डिसेंबरात
जहाज पेटलंय म्हणून
हातातलं भांडं तसंच ठेवून काचेशी गेली.
पुढची चाळीस वर्षं माणसं बोटांनी ओळखायची.
घरात अजून म्हणतात,
जळतं ते बघत उभं राहू नये, ओदील.
मी त्याचाच पगार घेते.

भाऊ शेवंडं पकडतो.
रेओला विजेवरची होडी हवी आहे,
पण पेट्या उतरवून होईतो भरली पाहिजे म्हणतो.
वीस मिनिटं. फार तर पंचवीस.
भरती काय थांबते कुणासाठी?

त्या वीस मिनिटांतच तर सगळं आहे, रेओ.
ग्राफाइटच्या थरांत लिथियम
पंगतीला बसावं तसं बसतं,
सरकत, एकमेकाला जागा देत.
घाई केली की मागचे पुढच्यांना रेटतात,
ज्यांना पाट मिळत नाही
ते उंबऱ्यावरच राहतात
आणि तिथेच धातू होतात.
आधी शेवाळ.
मग लव.
मग सुई.
मधला पडदा केसाहून पातळ,
सुई एक दिवस पलीकडे पोचते.
आम्ही बाहेरून खिळा मारतो
कारण आतला कधी उगवेल सांगता येत नाही.

तो म्हणाला, म्हणजे थंडीत जास्त?
हो, थंडीत जास्त.
(समुद्रावरच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.)

मंगळवारी वफा खत्तारने सहा बॅटऱ्या आणल्या.
आत तिचं नवं द्रव,
नाव नाही, नुसता आकडा: एकेचाळीस.
सहाशे वेळा भरलेल्या, दर वेळी अठरा मिनिटांत.
तिने नखं कुरतडली होती,
मी बघितलं नाही असं दाखवलं.

पहिली.
खिळा गेला आरपार.
तापमान चार अंश चढलं, मग कंटाळल्यासारखं उतरलं.
मी लिहिलं: काही झालं नाही.

हे तीन शब्द अकरा वर्षांत
मी क्वचितच लिहिलेत,
अक्षर वाकडं आलं.

दुसरी: काही झालं नाही.
तिसरी, चौथी: वरीलप्रमाणे.
पाचवीला वफा खुर्चीवर बसली
आणि बैरूतमधल्या आईच्या स्वयंपाकाबद्दल बोलू लागली,
विजेचा भरवसा नसायचा म्हणे,
जिन्याखाली बॅटऱ्यांची रांग असायची,
त्यांच्याशेजारीच झोपायचे सगळे.

सहावी पेटली.

मोठी नाही. शिट्टी, पांढरा धूर,
काचेवर काजळीचा एक तळहात.
आम्ही दोघी उभ्या राहिलो आणि बघितलं.
नंतर तिने हळूच विचारलं,
पाच धरता येतील ना?
मी म्हणाले, सहा धरायच्या.

रात्री रेओला फोन केला.
या मोसमात डिझेलच ठेव, म्हटलं.
पलीकडे वारा होता, दोर ओढल्याचा आवाज.
किती राहिलं अजून, तो म्हणाला.
मी म्हणाले,
एक.