आयलंड

आयेच्या फोनला अपडेट येणार, असं
इम्तियाज जानेवारीपासून सांगतोय.
घणसोली गावठाणात त्याची टपरी,
काचेखाली सुटे कॅमेरे, डोळे काढलेले फोन.
"थांब जयेंद्र, कंपनीनं जाहीर केलंय.
बॅटरी टिकेल, पाठ तापणार नाही,
आणि बोललेलं मराठी नीट लिहील."

मी त्या तिसऱ्यासाठी थांबलोय.

आये टाइप करत नाही. माइक दाबते,
फोन पापडासारखा आडवा धरते
आणि खाडीपलीकडच्या होडीला हाक मारावी
तशी बोलते: "पानी आयलं नाय."
माझ्याकडे पोचतं:
पाणी आयलंड नाही.

"कवा येशील" चं कवायत येशील.
"डोला दुखतंय" चं डॉलर दुखतोय.
हळूहळू मला वाचता यायला लागलं.
वाशीच्या दवाखान्यात मोतीबिंदूची तारीख
आम्ही डॉलरच्याच नावानं ठरवली.
ऑपरेशननंतर तिचा पहिला मेसेज:
डॉलर बरा. भिंत पांढरी हाय.

मी रबाळ्याला, डेटा सेंटरमध्ये, एसीवर. रात्रपाळी.
फोन गेटवर ठेवायचा, लॉकर एकेचाळीस.
आत कपाटांच्या रांगा, हिरव्या टिकल्या लुकलुकत,
त्यांना मी बावीस अंशांत ठेवतो.
सुपरवायझर ठोंबरे म्हणतात, अर्ध्या देशाचे अपडेट
इथूनच पुढे जात असतील.
म्हणजे आयेचंही असेल यातल्या एखाद्या कपाटात,
गारव्याला बसलेलं,
आणि मी त्याच्या शेजारून
फिल्टर खांद्यावर घेऊन रोज गेलो असेन.

सकाळी घरी आलो की चपला काढायच्या आधी सेटिंग्ज.
गोल फिरतो, फिरतो.
तुमचे डिव्हाइस अद्ययावत आहे.
"आयलं?"
"नाय."
"मंजे साडेबारा टक्केच झालं ह्ये," आये म्हणते,
"जमीन गेली तवापासून येतंय."

नवरात्राच्या आदल्या शनिवारी आलं.
जवळजवळ दोन जीबी. माझा हॉटस्पॉट,
तिची चार्जरची वायर, वर चिकटपट्टी.
एकोणचाळीस टक्क्यांवर फोन इतका तापला
की आयेनं तो पाटावर ठेवला
आणि सुपानं वारा घालत बसली.
बावीस अंशांचा माणूस मी,
बाजूला उकिडवा बसून टक्के मोजले.

चिन्हं जरा गोल झाली. घड्याळ जाड झालं.
बॅटरी पूर्वीसारखीच, दुपारी तीनला मान टाकते.

सोमवारी रात्री दोनच्या सुट्टीत लॉकर उघडला.
नऊ वाजताचा मेसेज होता:
पाणी आले नाही. तू केव्हा येशील? जेवलास का?

पूर्णविराम. दोन प्रश्नचिन्हं.
माझ्या हातातला डबा तसाच राहिला.
वाटलं, आयेला काहीतरी झालंय
आणि शेजारची कुणी शिकलेली बाई
तिचा फोन चालवतेय.
लगेच लावला.
आये दचकून उठली: "कोन गेलं?"
"कोन नाय. पानी आयलं का?"
"मगाच आयलं की. तवा इचारायचं रातचं दोनला?"
मग हसली. आवाजात खोकला, झोप, सगळं होतं.
"बगितलंस? शिकलं रं ते. आता माजं बरोबर लिवतंय."
तिला इतकं खूश मी
डोळ्याची पट्टी सुटली तेव्हाच पाहिलं होतं.

इम्तियाजला विचारलं, मागं नेता येतं का?
त्यानं माझ्याकडे असं बघितलं
की मी स्क्रीनगार्ड घेऊनच निघालो.

जुने मेसेज आहेत अजून. पुसलेले नाहीत.
काल सुट्टीत, उगाच, मीच तिला लिहिलं:
आयलंड का?
माझ्या फोननं खाली लाल रेघ मारली.
थोड्या वेळानं उत्तर आलं,
नेटकं, जागच्या जागी मात्रा:

काय लिहिलेस रे? तुझ्या फोनला अपडेट आले नाही का?