एका श्वासात

पहाटे सव्वाचार. सीपीआरच्या कॅज्युअल्टीत
एका दमात तिघं.

शिरोली नाक्यावर घसरलेला बुलेटवाला,
कपाळ फुटलेलं, शर्टभर रक्त,
आवाज असा की बिंदू चौकात दिवे लागावेत.
ओरडतोय, म्हणजे श्वास चालू आहे.
बाळूला म्हटलं, गॉज दाबून धर. थांबेल तो.

तालमीतले वस्ताद, जबड्याला हात लावून:
'पित्त असंल ओ सिस्टर, रात्री जेवाण जड झालं.'
मानेवरचा घाम बघितला.
आधी ईसीजी लावला, मग त्यांच्याशी वाद घातला.

तिसरा कोपऱ्यातल्या बाकावर.
परमेश्वर, वय अकरा, ऊसतोडीच्या टोळीतला.
केसपेपरवर इंटर्नच्या घाईत: पोटदुखी, उलटी एक.
आई म्हणाली, रातभर कण्हत होता, आता कुठं डोळा लागतोय.

झोप पापणी खाली आणते,
पण कपाळाला आठ्या घालत नाही.
हा पोरगा कपाळानं पापण्या उचलू बघत होता.

'कुठं निजला होतास?'
'खाली. पाचटावर.'
नखापासून केसापर्यंत चाचपला.
दाताची खूण नाही, सूज नाही, काहीच नाही.
मण्यार अशीच सही करते.

'एका श्वासात आकडे मोज बघू.'
चौदापर्यंत आला.
दहा मिनिटांनी
नऊ.

इंटर्न म्हणाला, रक्ताचा रिपोर्ट येऊ दे.
मी म्हटलं, येऊ दे,
आणि ग्लॅडिस सिस्टरनं ट्रेमध्ये व्हायल मांडल्या,
मी अँबू उशाशी ठेवला,
मोठ्या डॉक्टरांना झोपेतून उठवलं.
ऑर्डर नव्हती. रजिस्टरात एवढंच:
४.३१, कळविले.

शिकाऊ पोरगी विचारते, तुम्हाला कसं कळलं?
पापण्या, मान, श्वासाचे आकडे,
सगळं ओळीनं सांगते तिला.
गगनबावड्याची ती बाई सांगत नाही,
तीन वर्षांपूर्वीची,
जिच्या अंगावर मी चादर ओढली होती,
दमलीय, झोपू दे, म्हणून.

आता त्याच्या घशात नळी आहे.
मोजणं माझ्याकडे आलंय.
दाब, सोड. एक, दोन, तीन, सोड.
आई माझ्या ओठांकडे बघतेय,
जणू आकडा चुकला तर.

खिडकीबाहेर दुधाच्या किटल्या वाजल्या.
बुलेटवाला पडद्याआडून विचारतोय,
'ओ सिस्टर, आमचा नंबर हाय का न्हाई?'

हाय बाबा.
ओरडत राहा तोवर.