तुलनेसाठी

झोप? लागते. भूक? हो.
घरात कुणाला?
पेन जरा थांबलं, मग 'नाही'वर खूण.

एरंडवण्यातलं तळघर. डोकं पट्ट्याने बांधलेलं.
काचेपलीकडून रेगेबाई: "हलू नका, नव्वदच मिनिटं."
नसेतून सोडलेलं औषध
खानेसुमारीवाल्यासारखं मेंदूत दारोदार;
जिथे कडी निघाली तिथे ठिपका.

पडद्यावर मी तांबडापिवळा, भरवस्ती.
"छान आहे हो तुमचं," बाई म्हणाल्या,
जणू घर पाहायला आल्यात.

आता माझ्याशी ताडून बघणार
ज्यांची दारं वाजवूनही उघडत नाहीत, त्यांना.

मानधनाच्या पाकिटातून
कर्वे रस्त्यावर मुकुंदाच्या गोळ्या घेतल्या, महिन्याच्या.
"आज कुणाच्या फार जवळ बसू नका,"
बाईंनी बजावलं होतं.

धाकटा भाऊ तसाही
बसू देत नाही.