नवाने भाग

एका हाताशी बँकेचं पत्रक,
दुसऱ्या हाताशी बाबांचं चेकचं रजिस्टर:
खिशात मावेल एवढं, निळ्या रेक्झिनचं,
वरच्या 'रस्टाड'मधला र झिजून गेलेला.
बाहेर उत्तर डकोटाचा जानेवारी.
इंजिन गोठू नये म्हणून
गाडीला रात्रभर विजेची वायर लावलेली.

नंबर, तारीख, कुणाला, किती, शिल्लक.
ह्या पाच घरांत बाबांनी
चाळीस वर्षं आमचा संसार पेन्सिलीनं मांडला.
त्यांचा तीन वरून सपाट,
साताच्या पोटात आडवी रेघ.

मी नऊ वर्षांची असताना म्हणाले होते,
हिशेब चुकला की आधी फरकाला नवाने भाग.
भाग गेला, तर समज
दोन आकडे रांगेत पुढेमागे झालेत.
चोरी नाही, घात नाही.

मागच्या वर्षीचा ऑक्टोबर. चेक बावीसशे सतरा.
चर्चच्या तळघरातलं लुटेफिस्कचं जेवण, दोन ताटं.
बँक म्हणते अठरा,
बाबा म्हणतात एक्याऐंशी.
फरक त्रेसष्ट. भाग जातो.
मी हसले. झालं असेल बोलता बोलता.

नोव्हेंबरात सत्तावीस.
डिसेंबरात नऊ, मग चोपन्न.
फेब्रुवारीत विजेचं बिल दोनदा,
आणि एक चेक इंगेब्रेट सोलमच्या नावाने,
जो मी शाळेत असतानाच वारला होता.
एप्रिलपासून नवानेही भाग जाईना.

डॉक्टरांनी आम्हाला जूनमध्ये सांगितलं.

पण मग शिल्लक कशी जमते?
दर पानाच्या तळाशी, थेट सेंटपर्यंत, बँकेइतकीच?
बोट ठेवून एकेक ओळ वर चढत गेले
तेव्हा दिसल्या महिनाअखेरीच्या बारीक नोंदी.
किरकोळ जमा, त्रेसष्ट.
किरकोळ जमा, सत्तावीस.
किरकोळ खर्च, नऊ.
तीन वरून सपाट, साताच्या पोटात रेघ,
हुबेहूब बाबांची;
फक्त पेन्सिल जरा जास्त दाबलेली,
मागच्या पानावर वळ उठेल इतकी,
जशी किराण्याच्या यादीवर आई दाबते.

आई, जिला आकड्यातलं काही म्हणजे काही कळत नाही,
असं आई स्वतःच सांगते आल्यागेल्याला.

ती सिंकपाशी बटाटे सोलतेय, पाठमोरी.
"जमलं का गं?"
"जमलं. पै न् पै."
सोलणं थांबलं, पुन्हा सुरू झालं.

बाबा खिडकीशी.
माझं नाव त्यांना सकाळपासून सापडत नाहीये.
मी उगीच विचारलं, "नऊ साते?"
"त्रेसष्ट,"
बर्फाकडे बघतच म्हणाले, जरा चिडून,
इतकं सोपं कुणी विचारतं का तसे.

आईनं नळ मोठा केला.