कड

मे महिन्यात गांधीबागेतून बर्फ आणायचं काम माझं.
गोणपाटात, भुशात, सायकलच्या कॅरिअरवर
अर्धी लादी. इतवारीत पोचेस्तोवर तिची पाव व्हायची,
आणि मागे डांबरावर एक ओली रेघ,
वळून बघितली तर वाळलेली.
शहरात शेहेचाळीस. आमच्या ट्रेमध्ये वीस.
धकातेकाका थर्मामीटर धरून बसायचे
तापल्या पोराच्या उशाशी बसावं तसे.

स्टुडिओमागे मोरी, मोरीला काळा रंग,
दाराच्या फटीत जुन्या लुगड्याची घडी.
दिव्यावर पतंगाचा लाल जिलेटिन, दुपदरी.
रोल भरताना तोही नाही.
तेव्हा अंगठ्यानंच बघायचं,
फिल्म कुठं अडकते, कुठं वळते.
मी सोळा वर्षांची. माझी नखं तपकिरी,
आई म्हणायची, कोण करन तुले?

घड्याळ होतं भिंतीवर, पण काका पावकी म्हणायचे.
एक पावकी पाव, बे पावकी अर्धा,
आणि पाण्याखालचा कागद
पाढा ऐकल्यासारखा हळूहळू बोलायला लागायचा.
आधी येतं ते काळं. मिशी, बुबुळं, टोपीखालची सावली.
गोरेपणा येतच नाही.
तो नुसता कागद असतो.

गिरजाबाई नंदनवार आल्या तेव्हा नळ जाऊन तास झाला होता.
नवऱ्याचा एकही फोटो घरात नाही म्हणाल्या.
लग्नात काढला नाही, मिलचं कार्ड मिलनं ठेवून घेतलं.
पण रात्रपाळीचा ग्रुप तुम्हीच काढला होता ना?
डाव्या हाताकडून तिसरा. मागं, टिनाखाली.

काकांनी डबा शोधला, निगेटिव्ह फुंकली,
एन्लार्जरचं डोकं पार छताला टेकवलं
एवढ्याशा चेहऱ्यासाठी.
टिनाखालचा चेहरा. तसाच छापला तर कोळसा.
मग त्यांनी मला पहिल्यांदा शिकवलं:
सावलीतल्या माणसाला अजून सावली द्यायची,
तेव्हा तो उजळतो.
सतरा सेकंदांतले सहा, त्याच्या तोंडावर तळहात.
हात हालत राहू दे पोरी. थांबला का कड दिसते.

बाहेर लू. माणसं डोक्याला दुपट्टे गुंडाळून
भिंतीच्या आडोशानं चाललेली,
आणि आत मी एका मेलेल्या माणसावर हात धरून उभी.
मिशी पांढरी, डोळ्यांत दोन पांढरे ठिपके,
सगळं उलटं, तरी तो कुठंतरी बघत होता.

फोटो छान आला. दाणा जरासा फुटलेला, पण छान.
गिरजाबाईंनी तो पदरानं पुसला,
खिडकीशी नेला, परत आणला.
म्हणाल्या, हा माहा माणूस नव्हे.

निगेटिव्ह उलटी बसली होती.
चमकती बाजू खाली, मंद बाजू वर. मीच बसवली होती.
डावीकडून तिसरा म्हणजे उजवीकडून तिसरा.
काका काही बोलले नाहीत. उरलेला बर्फ ट्रेभोवती सरकवला,
पुन्हा पावकी.
या वेळी खरा आला, एक कान जरा वाकडा,
आणि त्या एवढंच म्हणाल्या, हो. कान.

पैसे देऊन दारापर्यंत गेल्या, वळल्या.
तो दुसरा फेकजा नोका.
त्याचंही कोणी असन.

कोणी आलं नाही.
स्टुडिओ विकला, तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात.
काका गेले त्यालाही बरीच वर्षं झाली,
काटा त्यांच्या सुनेनं रद्दीवाल्याला दिला.
तो माणूस मात्र माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे.
पिवळा पडला नाही. रात्री नळ आल्यावर
मी तासभर धुतला होता त्याला, चुकीची भरपाई म्हणून.
आजकाल साडी काढताना
कधी त्याला नमस्कार होतो, कधी नाही.

कपाळावर, डाव्या भुवईच्या वर,
उजेडात धरलं तर एक अर्धगोल फिकट रेघ दिसते.
तिथं माझा हात थांबला होता.
एखादाच सेकंद.
मी त्याच्याकडे बघत होते.