पान बावन्न

बडोद्याच्या जुन्या वाचनालयात
काचेच्या जमिनीवरून ऋजुता चालते
फ्रॉक दोन्ही मुठींत घट्ट धरून.
खालच्या मजल्यावरून कुणी वर पाहिलं तर?

बावन्नाव्या पानावर सरदाराची लेक
वेणी कापते, भावाचा अंगरखा चढवते,
मग घोडा, मग खिंड, मग शाबासकी:
"पोरगी कसली, मर्द गडी!"

पुस्तक माझंच.
ते वाक्यही मीच लिहिलेलं, टाळ्यांसाठी.

ऋजुता कुजबुजते, मावशी,
कापलेली वेणी उचलली कुणी?

बटकीनं असेल.

नाव काय तिचं?

काचेखाली कुणीतरी खुर्ची सरकवतं.
ऋजुताची मूठ पुन्हा आवळते.
मला एकही नाव सुचत नाही.

बरं, ती म्हणते,
तिला येत होतं का घोड्यावर बसायला?