तपासणीसाठी उपलब्ध

लीस्कसाहेब म्हणाले,
बाईंना खोली द्या, हीटर देऊ नका.
खुर्ची द्या, ती डुगडुगणारी.
झेरॉक्स मशीन बिघडलंय म्हणा.

डिसेंबरात लर्विकला
दुपारी तीनलाच दिवस मावळतो.
विल्मा हॅल्क्रो उजाडायच्या आत आल्या,
बोटं कापलेले लोकरी हातमोजे,
थर्मास, भिंग आणि वकिलाची चिठ्ठी:
संचालकाला कंपनीचे हिशेब पाहता येतात,
केव्हाही.

"कारण विचारलंत तर सांगेन," त्या म्हणाल्या.
मी विचारलं नाही.
न विचारण्याचाच पगार घेतो मी, एकोणीस वर्षं.

पहिल्या दिवशी त्यांनी खाद्याची बिलं वाचली.
सॅमनचं खाद्य, टनांवर टन,
पिंजऱ्यांतले सगळे मासे उलटे तरंगले
त्या ऑगस्टनंतरचंसुद्धा.
"मेलेले मासे किती जेवतात?"
हे मला नाही, भिंगाला विचारलं.

दुसऱ्या दिवशी खतावणीतून पुरवठादाराचा पत्ता निघाला.
स्कॅलोवेतलं घर. साहेबांच्या मेहुण्याचं.
तिथे राहतं कोण, तर एक म्हातारा कुत्रा,
आणि त्यालाही शेजारीण जेवू घालते.
त्या हसल्या. मग थर्मासचं झाकण
बराच वेळ लावत राहिल्या, आटे जुळेनात.

तिसऱ्या दिवशी मी घरचा हीटर आणला.
कुणी विचारलं असतं तर
कागदांना ओल लागते म्हणणार होतो.

त्या दिवशी ताळेबंद.
सात वर्षांचे, एकावर एक,
आणि प्रत्येकाखाली निळ्या शाईत,
घाईत, थोडी वर चढत गेलेली
विल्मा हॅल्क्रो.

हातमोजा काढून त्यांनी सहीवरून बोट फिरवलं,
शाई वाळली आहे ना, ते बघावं तसं.

"सभेत केक छान असायचा," त्या म्हणाल्या.
"लिंबाचा. साहेबांची बायको करायची.
कागद फिरत यायचे, पेनासकट."

बाहेर बोटीचा भोंगा झाला.
खोलीभर हीटरचा तापल्या धुळीचा वास.

"याची प्रत हवी. पहिली याचीच."
मशीन बिघडलंय, हे वाक्य
तीन दिवस जिभेवर तयार होतं.
मी प्लग लावला.

काचेखालून उजेड सरकत गेला.
कागद गरम बाहेर आला,
आणि त्यांची सही बघता बघता
डाव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत,
मला माझं दिसलं:
तपासले.